नारपोलीच्या रस्त्याने गेलेली होडी

बाबा, दिवाळी झाल्यावरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी मी तुझी होडी माझ्या शेठच्या मोटारीमागे बांधली आणि गावातून निघून मानकोलीवरून, नारपोलीच्या भर वस्तीतून, कामतघरला नेली. तुझ्या बहिणीच्या दारात. तू सांगितलं होतंस तिथेच नेली, फक्त पंचवीस वर्षं उशिरा.

तू सांगितलंस तेव्हा तुझ्यापाशी मी एकटा होतो. तापाचा सहावा दिवस होता. आई बाहेर चुलीपाशी पेज ढवळत होती. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस की माझ्या मागच्या भिंतीकडे ते मला अजून नक्की सांगता येत नाही, आणि म्हणालास, "होडी बायला दे." आत्याला तू बायच म्हणायचास. शब्द स्वच्छ होते, पुन्हा विचारावं लागेल असं त्यात काही नव्हतं. त्यानंतर तू बोलला नाहीस. आवाज ऐकून आई धावत आत आली. "काय म्हनले रं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "पानी मागितलं." आणि तांब्यातलं पाणी खरोखरच तुझ्या ओठांना लावलं. ते गळ्यावरून ओघळून गोधडीत गेलं. पुढे आई होती तोवर दर पितृपक्षात ती तुझ्या पानाशी एक पेला जास्त ठेवायची. "मानूस तहानलेलं गेलं," म्हणायची. तो दुसरा पेला भरून तिच्या हातात मीच द्यायचो. तसं का म्हणालो ते मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे, पण आधी होडीचं लिहितो.

होडी गोठ्यामागे पालथी पडून राहिली. दर पावसाळ्याआधी मी तिच्यावर नवा पेंढा घालायचो. ना मी तिच्यात बसलो, ना ती विकली. कोणी मागितली तर म्हणायचो, बाबांची आठवण आहे. लोकांना ते फार चांगलं वाटायचं. चौथीपर्यंत शाळा शिकलेला, रोज सकाळी पोथी वाचणारा माणूस बापाची होडी सांभाळतो, असं चार लोक माझ्या तोंडावर बोलले आहेत, आणि मी ते ऐकून घेतलं आहे.

मी ड्रायव्हर झालो हे तुला माहीत नाही. पण झालो तो तुझ्याच एका बोलण्याने. आत्या गौरीला माहेरी आली होती, मी अठराचा असेन, आणि आपण तिघे खाडीत गेलो होतो. मला तो दिवस अजून समोर दिसतो. तू पुढे जाळं घेऊन उभा आहेस, आत्या मागे वल्ह्यावर आहे आणि मी मधे बसून डब्याने पाणी उपसतो आहे. तुम्ही दोघं एक अक्षर बोलत नाही. तुझा खांदा जरा खाली जातो आणि तिचं वल्हं थांबतं. तू मान वळवायच्या आत होडी तिकडे वळलेली असते. मग मी हट्टाने वल्हं मागून घेतलं आणि होडी थेट चिखलाच्या उंचवट्यावर चढवली. ओहोटी लागली होती, दुपारपर्यंत आपण तिथेच अडकून बसलो. तू रागावला नाहीस. विडी ओढत म्हणालास, "तुला रस्ता पायजे रं. पानी न्हाय तुजं." आत्या हसली. ते हसणं माझ्या मनात बरीच वर्षं राहिलं. तू गेल्यावर मी भिवंडीला जाऊन ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आणि आता बारा वर्षं नारपोलीच्या एका लूमवाल्या शेठकडे आहे. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक स्टेशन वॅगन आहे. जीपचंच मोठं भावंड म्हण. सुताच्या पेट्या, पाहुणे, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातून जातं.

आश्विनात एका सकाळी मी त्या गाडीने कामतघरच्या तलावावरून चाललो होतो. काठापासून थोडं आत, कमरेइतक्या पाण्यात एक म्हातारी उभी राहून हातजाळं टाकत होती. लोकांच्या होड्या पार मधे होत्या, जिथे मासे असतात तिथे. म्हातारीने जाळं ओढलं, रिकामं निघालं, तिने ते झटकलं आणि पुन्हा टाकलं. ते झटकणं मी ओळखलं. ती आत्या होती. तिचा नवरा जाऊन सव्वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. इतकी वर्षं ती लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. आता डोळ्यांना धागा दिसत नाही म्हणून ते काम सुटलं, एवढं मी एका लग्नात ऐकलं होतं आणि ऐकून जेवायला बसलो होतो. त्या सकाळी गाडी मी थांबवली नाही. पण कारखान्याच्या दारात पोचल्यावर बराच वेळ माझा हात किल्लीवरून निघाला नाही.

शेठना विचारलं. पेट्रोलचे भाव भडकल्यापासून ते गाडी देताना दहादा विचार करतात. मी सांगितलं, वडिलांची होडी आहे, आत्याकडे पोचवायची आहे.  ते म्हणाले, "ले जा. पर गाडी में मछली की बास आयी तो गाडी नहीं, तेरे को धोऊंगा."

होडी उलटी करून बघितली तर लाकूड शाबूत होतं, पण फळ्याफळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. म्हणून दोन रविवार बसून मी सगळ्या फटी भरल्या. कारखान्यातलं सुताचं वेस्ट, म्हणजे टाकाऊ धाग्यांचा गुंता, आणलं, ते डांबरात भिजवलं आणि पटाशीने ठोकून ठोकून बसवलं. बोटभर जागा सोडली नाही. इतकं मन लावून काम मी पूर्वी कधी केलं असेल असं वाटत नाही. मला वाटत होतं, उशीर झाला तो झाला, निदान वस्तू तरी धड करून द्यावी.

शेजारच्या म्हाताऱ्याने, तुझ्याबरोबर खाडीत यायचा त्यानेच, आपली टायरची बैलगाडी दिली. तिच्यावर होडी चढवली, पोटाखाली पेंढा घातला आणि बैलगाडीची दांडी मोटारीच्या हुकाला जखडली. म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "तुजा बाप या होडीनं भात आनायचा, तू गाडीनं होडी न्हेतोस. उंद्या तुजा पोरगा होडीवर गाडी घालून न्हेईल." आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसला.

घरापासून सडकेपर्यंतचा रस्ता तुझ्या पायाखालचा आहे. शेतं संपली की खाजण लागतं, तिथे उधाणाचं पाणी येऊन गेलं की चार दिवस चिखल असतो. तिथेच बैलगाडीची चाकं आखापर्यंत रुतली. मोटारीची मागची चाकं जागच्या जागी फिरून चिखल उडवू लागली. म्हातारा लांबून ओरडला, "बैल आनू का?" मी नको म्हणालो. या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे आहेत. एकाने पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, म्हणजे चारी चाकं ओढू लागतात. दुसऱ्याने वेग निघून जातो आणि त्या बदल्यात ताकद येते. बारा वर्षांत ते दोन्ही एकत्र लावायची वेळ आली नव्हती, कारण नारपोलीत चिखल असला तरी त्याच्याखाली सडक असते. मी दोन्ही ओढले आणि क्लच हळूहळू सोडला. काहीच झालं नाही असं वाटलं. मग शेजारचं तिवराचं झुडूप थोडंसं मागे सरकलं. मग आणखी थोडं. मी ॲक्सिलेटरवरून पाय काढून घेतला होता, गाडी आपण होऊन चालत होती, बैल भरल्या ओझ्याने चालतो त्याहून सावकाश. हिसका नाही, आवाज चढलेला नाही. मागे बघितलं तर तुझी होडी चिखलातून वर येत होती, जणू तिला कोणी ऊठ म्हणालं आहे. एवढं बळ आणि इतकं शांत मी फक्त भरतीच्या पाण्यात पाहिलं होतं. हात स्टिअरिंगवर होते म्हणून जोडता आले नाहीत, पण मनात जोडले. आणि तेव्हा मला कळलं की तू त्या दिवशी मला टाकून बोलला नव्हतास. माझं काय आहे ते तुला दिसलं होतं, तेवढंच तू सांगितलं होतंस.

सडकेला लागल्यावरही मी त्याच चालीने गेलो. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत, मग शेजारून जाताना होडी बघत आणि गप्प होत. नारपोलीत शिरलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट आणि मधून होडी. दारादारात बनियनवर, अंगाला कापूस लागलेली माणसं उभी राहिली. एकजण माझ्या खिडकीशी धावत आला. "चाचा, बाढ आनेवाली है क्या?" मी म्हणालो, "आयी तो तेरे को पहले बिठाऊंगा." तो म्हणाला, "मेरा लूम भी ले लेना, सेठ छोडेगा नहीं." सगळे हसले. पण थोडं पुढे गेल्यावर हसणं कमी झालं. एक बाई कडेवरचं मूल खाली ठेवून गाडीपुढे आली. "कुठल्या देवीची हो?" तिने विचारलं. मी म्हणालो, "देवीची नाही, घरची आहे." "घरची असली म्हणून काय झालं," असं म्हणून तिने आत जाऊन कुंकू आणलं आणि होडीच्या तोंडाला लावलं. मग दुसरी आली. पुरुष होडीला हात लावून तो छातीला लावू लागले. एका कारखान्यातले दोन लूम थांबले. लूम थांबला की माणसाची तेवढी मजुरी बुडते, तरी दोघे दारात येऊन उभे राहिले आणि होडी जाईपर्यंत आत गेले नाहीत. त्यांनी काय पाहिलं ते देव जाणे. ती माणसं गंगेकाठची, शरयूकाठची, सांगलीकडची, जिथली तिथली नदी सोडून आलेली. मी त्यांच्या नमस्कारांमधून गाडी चालवत होतो आणि माझी मान वर होत नव्हती. ज्याला ते हात लावत होते ते मी दाबून ठेवलेलं होतं.

आत्याची खोली तलावाच्या काठीच आहे, देवीच्या देवळाच्या अलीकडे. ती ओले हात लुगड्याला पुसत बाहेर आली. होडी बघितली, मग मला. म्हणाली, "काय रं, माज्या तिरडीला लाकूड कमी पडंल म्हनून आनलीस?"

"बाबांची होडी," मी म्हणालो. "पडून होती. तुझ्या कामाला येईल."

"पडून व्हती," ती म्हणाली. एवढंच. तेव्हाच सांगायचं होतं. रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो. पण ती चपला काढून होडीभोवती फिरू लागली आणि माझं राहिलं. तिने फळीवरून हात फिरवत एका फटीत नख घातलं. "हे कोनी कोंबलं?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं. सुताचं वेस्ट, डांबर, दोन रविवार.

ती जमलेल्या लोकांकडे वळली. "शिकलेला हाय माजा भाचा. उपाशी मानसाला पट्टा आवळून बांधतो. मंग तो पोटभर जेवला तर काय फुटंल?" मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "लाकूड सुकून आकसलंय पोरा. पान्यात गेल्यावर ते पिनार, फुगनार. फुगायला तू जागाच ठेवली न्हाय. एका रातीत फळ्या खिळे सोडून बाजूला होतील. काढ समदं."

दुपार कलेपर्यंत मी लूमच्या तारेच्या हुकाने ते सगळं उकरून काढलं. जे दोन रविवारांत घातलं ते तिच्या डोळ्यांसमोर काढलं. मग गाडी मागे मागे घेत बैलगाडी पाण्यात उतरवली आणि होडी सोडली. आणि लगेच सगळीकडून पाणी आत आलं. ठिपकत नाही, सरळ धारांनी. काठावरून एक आवाज आला, "चाचा, इतनी दूर से डुबाने को लाया?" सगळा काठ हसला. आत्या मात्र लुगडं खोचून पाण्यात शिरली आणि काठावरचे धोंडे एकेक करून होडीत ठेवू लागली. मलाही ठेवायला लावले. "बुडू दे. बसू दे तळाला." होडी खाली गेली, तोंडावरचं कुंकू थोडा वेळ पाण्यावर दिसलं, मग तेही गेलं. मी डोळ्यांनी पाहत होतो की तुझी होडी बुडते आहे आणि बुडवणारी तुझी बहीण आहे. तिचा चेहरा बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखा निवांत होता.

पुढचे आठ दिवस ड्युटीवर जाताना मी तलावावर थांबत होतो. बघायला काही नव्हतं. पाणी होतं, त्यावर बगळे होते, आणि काठावर आत्या मशेरी लावत बसलेली असायची. "काय करतंय ते खाली?" मी विचारायचो. "पितंय," ती म्हणायची. तिच्याशेजारी मी थोडा वेळ बसायचो, जे सांगायचं ते तोंडापर्यंत यायचं, आणि मग मी म्हणायचो, चल, शेठ वाट बघत असतील.

नवव्या सकाळी आम्ही धोंडे काढले. शेजारचे चार जण मदतीला आले. होडी वर आली, काठावर टेकवली, आणि मी फळ्यांवरून हात फिरवला. बाबा, नख जाईना. जिथे पलीकडचा उजेड दिसत होता तिथे लाकडाला लाकूड असं टेकलं होतं की मला जुन्या फटी शोधाव्या लागल्या. मी जे ठोकून करायला गेलो ते त्या लाकडाने नुसतं पाण्यात पडून राहून केलं होतं. पंचवीस वर्षं ते गोठ्यामागे कोरडं पडलं, तरी आपण कशासाठी आहोत ते विसरलं नव्हतं. मी इतक्या पोथ्या वाचल्या, इतकी देवळं पाहिली, पण तिथे कधी माझे हात असे न सांगता जोडले गेले नव्हते. एका ठिकाणी थोडं पाझरत होतं. ते मी दाखवलं तर आत्याने त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. होडीला येवढं लागतं."

चौघे गेले. आम्ही दोघं आत उरलेलं पाणी डब्यांनी उपसत होतो. उपसता उपसताच ती बोलू लागली, माझ्याकडे न बघता. "मी मागितली व्हती त्याच्याकं ही होडी. धनी गेल्यावर. 'बगतो बाय' म्हनला. मंग तोच मेला. मी म्हनलं, सख्खा भाऊ आनि इसरून गेला. दहाव्याला म्हनून आली न्हाय मी. लोकं म्हनत्यात मला ताप व्हता. ताप न्हवता."

मला वाटत होतं की मी फक्त एक वस्तू अडवून ठेवली आहे. मी काय काय अडवलं होतं ते तेव्हा कळलं. डबा खाली ठेवला. म्हणालो, "आत्या, बाबा विसरला नव्हता. शेवटचं तेच बोलला. 'होडी बायला दे.' मी ऐकलं, आणि कोणालाच सांगितलं नाही. आईला सांगितलं, पाणी मागितलं."

तिचा डबा थांबला. "परत म्हन."

"होडी बायला दे."

"बाय म्हनला?"

"बाय म्हणाला."

 ती पुन्हा उपसू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "पंचवीस वरसं मी त्याला शिव्या दिल्या. मेल्या मानसाला. आता त्या कोनाला देऊ?" मी खाली ठेवलेला डबा उचलला. "तुला देईन," ती म्हणाली. "एका दिवसात संपायच्या न्हाईत. रोज येत जा." आणि मला खाली उतरायला सांगून तिने वल्हं घेतलं. सहासष्ट वर्षांची आहे ती आता. दोन वल्ह्यांत ती काठापासून सुटली आणि तिसऱ्यात होडी सरळ झाली. तिच्यापुढे जाळं घेऊन कोणी उभं नव्हतं, तरी तिची नजर तू उभा राहायचास त्या जागेवर होती.

मी रोज जातो. ती खरोखरच शिव्या देते, आणि मग भाकरीबरोबर तळलेला मासा देते. गाडीला वास येऊ नये म्हणून मी तो काठावरच खाऊन जातो.

हे लिहिलेलं तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे मला समजतं. घरी कोणाला दाखवणारही नाही. पण एक राहिलं आहे. होडी मला कधीच नको होती, बाबा. ते सहा दिवस मी तुझ्या उशाशी बसून होतो. तू तोंड उघडलंस तेव्हा मला वाटलं, आता माझं काहीतरी निघेल, आणि निघालं ते तिचं. मी चोवीस वर्षांचा दाढीमिशीचा माणूस होतो, आणि मला एवढं लागलं की मी ते गिळून टाकलं. आज सकाळी आत्याने मासा पुढे ठेवता ठेवता विचारलं, "पन का रं असं केलंस?" माझ्याकडे चांगली कारणं होती, तरुण होतो, घाबरलो, आईला काय वाटेल. ती मी दिली नाहीत. हे जे आत्ता तुला लिहिलं, तेच तिला सांगितलं.